डावीकडची खिडकी

चष्म्याच्या दुकानात काम करणाऱ्या काकूंना बसमध्ये खिडकी लागे, आणि तीही डावीकडचीच. कंडक्टर म्हणे, "काकू, उजवीकडची रिकामी आहे की!" काकू म्हणत, "तिकडे ऊन लागतं." ढगाळ दिवशीही त्यांना तिकडे ऊनच लागायचं.

खरं कारण वेगळंच होतं. बाजाराच्या सिग्नलला बस थांबली की डावीकडे पहिल्या मजल्यावरची एक गॅलरी दिसे आणि तिथे काकूंची धाकटी बहीण टॉवेल पिळत उभी असे. आईच्या आजारपणात कोणी किती केलं, यावरून दोघींचं बिनसलं ते बिनसलंच. नमतं कोण घेणार? दोघी एकाच माळेचे मणी. पण सिग्नल सुटेपर्यंत काकू बहिणीला डोळे भरून बघून घेत. वाळलीय जरा. केस रंगवायचं सोडलं वाटतं. बहीण मात्र बसकडे ढुंकूनही बघत नसे.

मग चौकात पुलाचे खांब उभे राहिले. आता सिग्नलची कटकट संपणार म्हणून सगळे प्रवासी खूश. काकू मात्र रोज त्या खांबांची उंची डोळ्यांनी मोजत. बस वरून जाणार म्हणजे गॅलरी गेलीच की! "रस्त्यातले खड्डे वर्षानुवर्षं तसेच, आणि हा मेला पूल बरा वेळेत होतोय," त्या करवादल्या.

पूल सुरू झाला त्या सकाळी बस सरसर वर चढली. काकू सवयीने डावीकडेच बसल्या होत्या. गॅलरी खाली राहिली. पाण्याच्या टाक्या, पत्रे, गच्च्या दिसू लागल्या. आणि त्याच इमारतीच्या गच्चीवर, कठड्याला धरून बहीण उभी! गुडघ्यांपायी एक जिना चढायला कुरकुरणारी ती. हातात टॉवेल होता, पण पिळत नव्हती. बसची एकेक खिडकी निरखत होती.

पुढच्या थांब्यावर काकू उतरल्या. दुकानात उशीर होईल असं कळवलं आणि पुलाखालून उलट दिशेने चालत येऊन सगळे जिने चढल्या. बहीण गच्चीच्या पायरीवर बसली होती. काकूंनी तिच्या हातातला टॉवेल घेतला.

"अगं, हा तर कोरडाच आहे."

"रोज कोरडाच असतो," बहीण म्हणाली. "तुझी बस यायची वेळ झाली की दोरीवरचा ओढून घेते. चष्मे विकतेस ना तू? मग दिसलं कसं नाही?" मग तिने डोळे पुसले. "आता हात दे. उतरताना जास्त दुखतं."