काकांची घरातली शाळा

आमच्या शेजारच्या काकांनी आयुष्यात कुणाचंही वाक्य पुरं ऐकून घेतलं नव्हतं. गांधीबागेतल्या त्यांच्या दुकानात गिऱ्हाईक "मले धोतराचं..." म्हणेस्तोवर यांनी लुगडं उलगडलेलं असायचं. एकदा कुणी गेल्याची बातमी घेऊन एक जण दारात आला. "घरून निरोप..." एवढं तो बोलतो न बोलतो, तोच काकांनी "अरे वा, पेढे कुठं आहेत?" म्हणून विचारलं. काकू त्यांच्याशी बोलायचंच टाळत. काका दोन्हीकडचं बोलत.

अशा माणसाने मुलीसाठी घरात शाळा काढली. कुंदा बोलताना अडखळायची. वर्गातली पोरं तिची नक्कल करायची, आणि एक दिवस तिने बोलणंच सोडलं. काकांनी तिला घरी आणलं. सकाळी पितळी थाळी वाजवून ते टोपी घालून प्रार्थनेला उभे राहत. काकू भाजीचं विचारायला डोकावल्या, तर "पालकांनी सुटीत भेटावं" असं म्हणून त्यांना परत पाठवत. मी कॉलेजात होतो आणि भिंतीपलीकडे राहत होतो, एवढ्या पात्रतेवर गणित माझ्याकडे आलं.

पण सक्तीच्या शिक्षणाचा कायदा होता. घरी नीट शिकवतात अशी हजेरी अधिकाऱ्यांची खात्री पटली तरच सूट, नाहीतर कुंदा पुन्हा त्याच वर्गात. साहेब आले, चहा घेतला आणि कुंदाला विचारलं, "कामठी कोणत्या नदीच्या काठी आहे?"

"क... क..." कुंदा अडली. साहेबांना दया आली असावी. ते म्हणाले, "कन्..."

"थांबा साहेब," काका म्हणाले. "आमच्या शाळेत कोणी मधात बोलत नाही."

हे काका बोलत होते. साहेब मुकाट्याने मागे टेकून बसले. काकांनी टोपी काढून पार पिळून टाकली, पण तोंड उघडलं नाही.

"कन्हान," कुंदा म्हणाली. मग न विचारताच, आपल्या सवडीने, तिने नदीवरचा पूलही सांगितला.

सूट मिळाली. आम्हा सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. साहेब उठून "बरं, मी आता..." म्हणाले, तर काका लगेच, "निघता? निघा, निघा."

पुढे कुंदा आपणहून म्हणाली, "मले शाळेत जायचं आहे." काका त्याच दिवशी नाव घालून आले. ती पहिल्यांदा गेली त्या सकाळीही थाळी वाजली. मी जाऊन पाहिलं, तर काका टोपी घालून रिकाम्या सतरंजीसमोर बसले होते.

"काका, तुम्हाले तिची..." मी म्हणालो आणि सवयीने थांबलो.

काका माझ्याकडे बघत राहिले. ते वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. मलाच करावं लागलं.