बाबांचा ओळंबा

भुताखेतांचा विषय निघाला की चहा ठेवायच्या निमित्ताने उठून जाणारी बाई मी. त्यामुळे हे लिहिताना मलाच अवघडल्यासारखं होतंय... पण लिहिते.

मी बदनापूरला चित्रकला शिकवते. लेक प्रज्ञा आर्किटेक्चरच्या पहिल्या वर्षाला. गेल्या डिसेंबरात एका रविवारी जालन्यातल्या जुन्या इमारती बघायला आम्ही दोघी सकाळच्या रेल्वेने गेलो. पर्समध्ये, माझे वडील गेल्यापासून नेहमी असतो तसा, त्यांचा ओळंबा होता — दोरीला पितळी वजन, वर लाकडी गुटका. बाबा गवंडी, आणि भलते फटकळ. शाळेत बक्षीस मिळालेलं माझं चित्र बघून म्हणाले होते, "घर तिरकं हाय." मी रडले, तर वर ऐकवलं, "माणूस खोटं बोलंल, ओळंबा न्हाई बोलत."

मस्तगड, मोती तलाव झालं. भर दुपारी जुन्या पेठेतल्या एका पडीक कमानीखाली प्रज्ञा भिंतीला टेकून स्केच काढत बसली. आजोबा भिंत कशी तपासायचे ते तिला दाखवावं म्हणून मी तिच्या डोक्याच्या वर गुटका भिंतीला लावला, वजन खाली सोडलं.

भिंत सरळ असेल तर वजन तिला जेमतेम टेकतं. ते चार बोटं लांब राहिलं. वारा अजिबात नव्हता. पुन्हा लावला — आता वीतभर लांब, आणि जराही न हलता!

"प्रज्ञा, ऊठ. भिंत पुढं झुकलीय."

"आई, कमान काढून राह्यले ना मी! दोनच मिनिटं..."

दंडाला धरून ओढलीच तिला. वही तिथेच राहिली. पाच-सहा पावलं गेलो असू, तोच वरून कमानीचा दगड सुटला आणि वहीवर पडला.

समोरचे टेलरकाका धावत आले. "बाई, लागलं न्हाई ना?"

"भिंत झुकलीय काका..."

"भिंत? परवाच मोजून गेल्ते पालिकेचे लोक. भिंत बिलकुल बराबर हाय, वरचे दगड सुटलेत."

ते नको नको म्हणत असताना मी पुन्हा त्याच जागी ओळंबा लावला. वजन भिंतीला अलगद टेकलं.

हात थरथरला असेल, डोळ्यांना भास झाला असेल... सगळं म्हणून बघितलं. पटत नाही. लेकीचं रडणं थांबवायलासुद्धा जो माणूस कधी खोटं बोलला नाही, त्याचा ओळंबा त्या दुपारी नातीसाठी खोटं बोलला.