धार चालू आहे तोवर

प्लंबरकाकांना डॉक्टरांनी बजावलं होतं, "हृदयाची एक रक्तवाहिनी चाळीस टक्के अरुंद झालीय. आतला थर कधी फुटला, तर तिथं रक्ताची गाठ धरते आणि वाट एका क्षणात बंद होते. गोळ्या चुकवू नका."

काकांनी त्यातलं फक्त चाळीस ऐकलं. उभा जन्म पाइपांत गेलेला माणूस तो! "निम्म्याहून जास्त मोकळी आहे की! धार चालू आहे तोवर पाइपाला हात लावायचा नसतो," असं बायकोला ठणकावून त्यांनी गोळ्या कपाटात फेकल्या.

आज ते एका स्वयंपाकघरात सिंकखाली आडवे होऊन पाना फिरवत होते. छातीवर कुणी गुडघा रोवल्यासारखं झालं. जबडा ठणकू लागला, सदरा घामानं चिंब झाला. "हॅट, चाळीसच तर टक्के," ते पुटपुटले.

वरून घरमालकीण विचारत होती, "काका, सकाळी भरभरून येणारं पाणी एकाएकी बंद कसं पडलं हो?"

काकांनी उघडलेल्या पाइपात बोट घातलं. गंजाचा एक पापुद्रा सुटून आडवा अडकला होता. बाकी पाइप चांगला निम्म्याहून जास्त मोकळा होता.

त्यांच्या हातातून पाना गळाला.

"बाई, पाण्याचं राहू द्या," ते म्हणाले. "आधी अँब्युलन्स बोलवा."