शेवटची पोळी

आमचा मोती आजही पोट खाजवत होता, अगदी रक्त येईपर्यंत! डॉक्टर म्हणाले होते, "खाण्यातलं काय सोसत नाही ते कळायला दोन महिने फक्त मासे-भात." मी तेवढंच घालत होते, तरी खाज जाईना. आज कळलं, आई मागच्या दारी त्याला पोळी भरवत होती.

"अगं आई, गहूच सोसत नसेल त्याला!"

"शेवटची पोळी कुत्र्याची असते गं. तो वाट बघत बसतो, मी नाही कसं म्हणू?"

मला वाटलं ओरडावं, पण तीही मायाच होती. आपल्याला माया करायची आपलीच रीत येते ना, समोरच्याला ती सोसते का, हे विचारायचं राहूनच जातं.

आईनं पोळी पदराआड धरली. मोती तिचा रिकामा हात चाटत राहिला. ती हळूच म्हणाली, "नाही रे बाळा, आता नाही."