रोही कोणत्या बाजूनं आला?

विम्याच्या कामात कागद फायलीत जातात आणि कागदाबाहेरची वाक्यं डोक्यात साठत राहतात. माझ्या डोक्याची मात्र मला खात्री नाही. बरोबरचे सगळे गेले, त्यामुळे मी चुकलो तर सांगायलाही कोणी नाही.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं. एम.ए., एलएल.बी. होऊनही कोर्टात ठामपणे बाजू मांडणं मला जमेना, म्हणून मी खामगावात मोटारविम्याच्या अपघातांची चौकशी करू लागलो. माझ्या वाट्याला सारखी यायची ती कापसाचं जिन चालवणाऱ्या देवकिसनसेठची गाडी. ती उस्मानभाई चालवायचे.

*

पहिल्यांदा बोथ्याच्या घाटात रोही आडवा आला. म्हणजे नीलगाय. कंपनीचा फॉर्म दोन मोटारींच्या धडकेसाठी छापलेला, आणि रकाना रिकामा सोडणं मला जमत नाही.

"समोरच्यानं भोंगा वाजवला होता?"

"नाही, साहेब."

"कोणत्या बाजूनं आला?"

"त्याच्याच. रस्ता तं आपुन त्याच्या घरातून काढला."

मी तसंच लिहिलं. 'चालकाची चूक?' यापुढे मात्र बराच विचार करून लिहिलं, 'सांगता येत नाही.'

*

दुसऱ्यांदा सेठनं वाघ कळवला. मी पाहिलं तर पुढच्या जाळीत राठ काळे केस.

"सेठ, हे डुकराचे."

"मले दिसते ना. पन बजारात काय सांगू, डुकरानं गाडी पाडली?"

मेलेलं जनावर मी स्वतः पाहावं, असा कंपनीचा नियम होता. म्हणून घाटाखालच्या गावी गेलो. पाटील म्हणाले, "उशीर केला, साहेब. पुरावा कालच शिजला."

चालकाची चूक? सांगता येत नाही.

*

तिसऱ्यांदा चितळ. माझं उत्तर तेच.

मग कंपनीच्या मुंबई कचेरीचं पत्र आलं. तिन्ही वेळा चालक निर्दोष ठरलेला नाही. त्याला काढा, नाहीतर विमा बंद.

सेठ म्हणाले, "बिगर विम्याची गाडी मी ठेवत नाही, उस्मान. तू दुसरं काम पाह्य." उस्मानभाईंची बारा वर्षांची नोकरी माझ्या तीन शब्दांनी जात होती.

मी फेरचौकशी मागितली आणि एका सकाळी त्यांच्या शेजारी बसून घाटात गेलो. वळणावर त्यांनी गाडी थांबवली.

"मले काय पाहून राह्यले, साहेब? तुमीच चालवा."

माझा परवाना नवा होता. दुसऱ्याच वळणावर रोही आला. गाडी नालीत गेली, रोही जंगलात.

माझ्याच अपघाताची चौकशी मी करावी का, यावर चार दिवस घालवले. शेवटी चालक म्हणून माझं नाव लिहिलं आणि पुढे: 'चूक मुळीच नाही. या घाटात जनावर आडवं आलं की कोणत्याही चालकाचा इलाज चालत नाही. आधीचे तिन्ही अपघात असेच समजावेत.'

कंपनीनं मानलं. सेठनं किल्ली उस्मानभाईंच्या हातात परत दिली. ते गाडीत बसले, काच खाली केली.

"साहेब, एक रकाना राह्यला. रोही कोन्या बाजूनं आला होता?"

"त्याच्याच," मी म्हणालो.