दोरीवरचे पाच काका

औरंगपुऱ्यात माझं फोटो छापायचं छोटंसं दुकान आहे. बायको काउंटर सांभाळते, मी प्रिंटर. मागच्या हिवाळ्यात मी जाडसर, खरखरीत सुती कागदाचा गठ्ठा मागवला. लग्नाचे अल्बम जरा खानदानी दिसावेत, एवढीच हौस.

या कागदाचं रंगांचं प्रोफाइल मलाच बनवायचं होतं. म्हणजे रंगीत चौकटी छापायच्या, यंत्रानं मोजायच्या आणि कोणता रंग कागदावर कसा उतरतो ते कॉम्प्युटरला शिकवायचं. पण त्याआधी प्रिंटरला कागद कोणता ते सांगावं लागतं. त्यावरून तो शाई किती सोडायची ते ठरवतो. त्याच्याकडच्या नावांत माझा कागद नव्हताच. त्याला दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर खपवणं भाग होतं. आणि नाव एकदा ठरलं की बदलायचं नाही, नाहीतर सगळं मोजमाप वाया.

म्हणून रंगांची दुरुस्ती बंद ठेवून एकच फोटो पाच नावांखाली छापायचं ठरवलं. फोटो निवडला लासूर स्टेशनच्या काकांचा, वेरूळला मीच काढलेला. गुलाबी फेटा, पांढरा सदरा, काळं जाकीट, उन्हानं रापलेला चेहरा. प्रिंटरची परीक्षा घ्यायला याहून बरा माणूस मिळाला नसता.

दुपारपर्यंत पाच काका चिमट्यांनी दोरीवर वाळत होते. 'साधा कागद' म्हटल्यावर काका राखेसारखे उतरले. 'ग्लॉसी' म्हटल्यावर इतकी शाई आली की जाकिटाचं डबकं झालं आणि मिशी हनुवटीवर ओघळली. मी भिंग लावून तेच बघत होतो, तेवढ्यात शेजारचे टेलरचाचा आले. आमच्या घरातले सगळे कपडे तेच शिवतात, त्यामुळं काकांना ओळखतात. दोरीवरचा तो राखेसारखा चेहरा बघून ते दारातच थबकले.

"बडे अच्छे आदमी थे," ते हळूच म्हणाले.

मी भिंगावरून डोळा न हटवता म्हणालो, "हां चाचा, लेकिन पूरे डूब गए."

"डूब गए?"

"ऊपर से नीचे तक. कुछ नहीं बचा."

चाचा निघून गेले. मला वाटलं, गिऱ्हाईक आलं असेल.

अर्ध्या तासानं रिक्षातून आत्या उतरली, रडतच. ती इथंच सिडकोत राहते. आल्या आल्या तिनं बायकोचा हात धरला. "विहिरीत का कॅनॉलात?"

"कोण, आत्या?"

"माझा भाऊ, दुसरं कोण! टेलरचा फोन आला, म्हणून कळलं. तुम्ही सांगितलं पण नाही!"

"अहो आत्या, पेपर सेटिंग चाललंय," बायको म्हणाली.

"भाऊ गेला माझा, आणि तुम्ही सेटिंग करत बसलात?"

शेवटी मी काकांनाच फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"काय रं?" पलीकडून आवाज आला.

आत्या फोनवर झेपावली. "अरे, कुठं आहेस तू?"

"मोंढ्यात. मका इकायला आलोय."

"बुडाला नाहीस ना?"

"भावात बुडालो जरा. बाकी बरं हाय. का गं अक्का?"

आत्या स्टुलावर बसली आणि आधी रडली, मग हसली, मग मला चांगलंच झापलं. चाचांनी सगळ्यांना चहा पाजला आणि शपथेवर सांगितलं की 'डूब गए' असं मीच म्हणालो. ते खरंच होतं.

दुसऱ्या दिवशी काका स्वतः हजर. हात मागं बांधून त्यांनी पाचही फोटो नीट पाहिले.

"ह्यातला मेलेला कोणता?"

मी राखेसारखा दाखवला. त्यांनी मान डोलावली आणि ग्लॉसीवर बोट ठेवलं. "हा धर. मिशी लई काळी आलीय."

"काका, तिथं शाई साचलीय. जाकिटाची बटणंबी दिसत नाहीत."

"बटणं कोण बघतं?"

मी ऐकलं नाही. 'जाड मॅट' या नावाखाली बटणं दिसत होती, फेटा भरून आला होता आणि शाई कुठं फुटली नव्हती. ते पक्कं केलं आणि शेकडो रंगीत चौकटी छापायला घेतल्या. "ही कुणाची गोधडी?" काका म्हणाले, पण छपाई संपेपर्यंत हलले नाहीत.

चौकटी रात्रभर वाळू दिल्या, सकाळी मोजल्या आणि प्रोफाइल झालं. रविवारी काका-आत्या दोघं आले, तेव्हा नवा फोटो समोर ठेवला.

"फेटा बरोबर हाय," काका म्हणाले. "पण एवढा म्हातारा मी नाय." आणि तो ओघळलेल्या मिशीचा फोटोच काखोटीला मारला.

आत्यानं नवा फोटो बाजूला सारून तो राखेचा उचलला. "हा मी नेते. आपले बाबा शेवटी असेच दिसायचे बघ."

काकांनी तो तिच्या हातातून घेतला, दारापाशी उजेडात नेऊन बराच वेळ पाहिला.

"व्हय की," ते म्हणाले, आणि तिला तो परत दिला. मग मला म्हणाले, "असाच अजून एक काढ. मलाबी पाहिजे."

मी प्रिंटरला 'साधा कागद' सांगितलं.