काजाचं मशीन एकच

नवऱ्याचं काम सुटलं म्हणून धाकटी जाऊ ताईंच्या शर्टांच्या कारखान्यात आली. सातजणी आधीच होत्या. ताईंनी तिला आठवडाभर बसवून पाहिलं. आठवीमुळे रोज तीनच शर्ट वाढले, आणि तिची दिवसाची मजुरी निघायला पाच तरी हवे होते. भाव वाढवावा तर गिऱ्हाईक शेजारच्या कारखान्यात जाणार. घरच्या माणसाला नाही कसं म्हणायचं? ताईंच्या घशाखाली घास उतरेना.

"माझा हात एवढा जड आहे का हो, ताई?" जावेने विचारलं.

"हात नाही गं, काजाचं मशीन एकच! तुम्ही सगळ्या त्याच्यापुढे रांग लावून गप्पा हाणता." ताई थबकल्या. "पाचनंतर ते मोकळंच असतं. तेव्हा येशील?"

पहिल्याच संध्याकाळी जावेने सहा शर्ट पुरे केले. ताई पोटभर जेवल्या.